बडोद्याचा शेतसारा आणि आपली भाकरी

बडोद्यास दांडिया बाजार, रावपुरा या भागांत ज्यांची तीन-चार पिढ्यांची वस्ती आहे, त्यांस घराण्याचा इतिहास विचारावा, तर तो बहुधा एखाद्या कचेरीपासून सुरू होतो. पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते, आजोबा वहिवाटदार झाले, कोणी खानगी खात्यात, कोणी शाळाखात्यात. नांगर हाती धरल्याची आठवण सहसा कोणाच्या घरी नसते. तरीही ही सारी घरे शेतीवरच जगली, असे मी म्हणतो, आणि ते जाणूनबुजून म्हणतो. संस्थानच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीनमहसूल होता. कारकुनाचा पगार, शास्त्र्यांची श्रावणमास दक्षिणा, देवळातील नंदादीपाचे तेल, हे सर्व एकाच विहिरीचे पाट होत. विहीर मात्र कोणी उपसली, हे आपण क्वचितच विचारले.

१८७५ पूर्वी हा सारा पुष्कळ ठिकाणी इजाऱ्याने वसूल होई. इजारदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी व रयतेकडून जमेल तितके काढावे, असा तो व्यवहार. कित्येक मुलखांत भागबटाई चाले. खळ्यावर धान्य पडले की सरकारचा वाटा वेगळा व्हायचा आणि तोवर कुणब्याने आपल्याच धान्याला हात लावायचा नाही. खंडेराव महाराजांनी बिघोटी, म्हणजे बिघ्यावर रोख आकार, आणली. कल्पना चांगली, वेळ वाईट. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, त्यामुळे आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि दर ठरले ते त्या भावाच्या भरात. युद्ध संपले, भाव उतरला, आकार उतरला नाही.

त्याच काळातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. डभोई ते मियागाम ही सुमारे वीस मैलांची अरुंद लोहमार्गाची वाट १८६२ साली तयार झाली, आणि पहिली काही वर्षे तिच्यावर गाड्या ओढल्या त्या बैलांनी. रूळ नवे, गाडी नवी, पण शक्ती शेतातलीच. बडोदे राज्याच्या पुढील शंभर वर्षांचे याहून चांगले चित्र मला ठाऊक नाही.

मल्हाररावांच्या कारकीर्दीबद्दल येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. १८७५ साली त्यांस पदच्युत केल्यावर दिवाण सर टी. माधवराव यांनी महसुलाची घडी बसविण्यास आरंभ केला. गादीवर आले ते नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळराव, म्हणजेच आपले सयाजीराव महाराज. त्यांचे शिक्षक एफ. ए. एच. इलियट यांच्याकडे पुढे जमिनीच्या मोजणीचे व जमाबंदीचे काम सोपविण्यात आले. १८८३ पासून शेतवार मोजणी, जमिनीची प्रत, ठराविक मुदतीचा आकार, असे नवे युग सुरू झाले. १८९३ साली विलायतेहून आलेल्या तरुण अरविंद घोषांची पहिली नेमणूकही याच जमाबंदी खात्यात झाली होती. पुढे योगी झालेल्या पुरुषाने आरंभी सात्याचे आकडे पाहिले, हा योग पाहून हसू येते.

मोजणी झाली म्हणून पाऊस पडत नाही. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या दुष्काळास गुजरातेत आजही ‘छप्पनिया’ म्हणतात. गुरे मेली, आणि गुरे मेली की पुढच्या वर्षी पाऊस येऊनही नांगर चालत नाही, हे शहरातील माणसास समजावून सांगावे लागते. महाराज स्वतः दुष्काळी भागांत हिंडले व त्या दौऱ्याची टिपणे त्यांनी छापून प्रसिद्ध केली. पण सर्वांत बोलका पुरावा शिरगणतीचा. १८९१ साली संस्थानची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ साली ती १९,५२,६९२ उरली. साडेचार लाखांहून अधिक माणसे हिशेबातून गेली, कोणी मृत्यूने, कोणी देशांतराने. आणि १८९१ चा आकडा पुन्हा ओलांडण्यास १९३१ साल उजाडावे लागले. सुधारलेले राज्य म्हणून आपण ज्याचा योग्य अभिमान बाळगतो, त्याच राज्यात हे घडले. सुधारणेची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. केवळ शेतीच्या आधारावर उभे राहिलेले राज्य किती नाजूक असते, एवढेच यातून दिसते.

महाराजांस ते दुष्काळापूर्वीच दिसले असावे. १८९० साली कलाभवन निघाले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम तेथे शिकविले जाऊ लागले. १९०४ साली महसूलमंत्री म्हणून आले रमेशचंद्र दत्त, ज्यांनी ब्रिटिश सरकारचा शेतसारा जड आहे असे लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रांतून ठणकावले होते. आता सारा वसूल करण्याची जबाबदारी त्यांच्याच शिरावर आली. टीकाकारास असे कसोटीस लावणारा राजा विरळा. १९०७ साली अलेंबिक कारखाना, १९०८ साली बँक ऑफ बडोदा. तरीही पेटलाद-भादरणकडील पाटीदार तरुण पूर्व आफ्रिकेच्या बोटींत चढतच होते. जमिनीचे वाटे पडत गेले आणि कारखाने इतके नव्हते.

ते आले स्वातंत्र्यानंतर. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६२ साली खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ साली कोयलीची तेलशुद्धी, पुढे पेट्रोरसायने. बाजवा, कोयली, रणोली ही गावे शेतीतून बाहेर पडली. १८९४ च्या कायद्याने जमीन घेताना बाजारभाव व त्यावर शेकडा १५ इतका तोषणिक मोबदला मिळे. १९८४ साली तो शेकडा ३० झाला. मोबदला धन्यास मिळाला. त्याच शेतात रोजाने खुरपणारी जी घरे होती, त्यांचे नाव कोणत्याही निवाड्यात नाही, आणि कारखान्याने माणसे मागितली ती शिकलेली.

कायद्याची दुसरी बाजू देवळांशी निगडित असल्याने या मासिकाच्या वाचकांपुढे ती ठेवतो. गायकवाडीत देवस्थानांस, ब्राह्मणांस, चाकरीबद्दल दिलेल्या जमिनींस ‘बारखली’ म्हणत. सरकारच्या खळ्याबाहेरच्या, असा अर्थ सांगतात. विलीनीकरणानंतर मुंबईचा १९४८ चा कूळकायदा येथेही लागू झाला, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारा कूळ कायद्याने खरेदीदार ठरला. पण कलम ८८-ब अन्वये नोंदलेल्या सार्वजनिक धर्मादाय संस्थांच्या जमिनींस, उत्पन्न सर्वस्वी त्या कार्यास लागत असल्यास, त्यातून सूट होती. बांधाच्या अलीकडचा मालक झाला, पलीकडचा देवाचा कूळ म्हणून राहिला. माती एक, विहीर एक. १९६९ साली गुजरातेत देवस्थान इनामे रद्द करण्याचा वेगळा कायदा झाला, पण त्या मधल्या बारा वर्षांचे वाद मागील पिढीच्या वकिलांनी भरपूर चालविले, आणि त्यांची शेपटे माझ्याही टेबलावर येतात.

काही वर्षांपूर्वी असाच एक म्हातारा आला होता. त्याच्या बापाने एका देवळाची जमीन कसली. त्याने स्वतः कारखान्यात कंत्राटी हमाली केली. मुलगा शहरात रिक्षा चालवितो. कागद पाहून मी सांगितले, “काका, मुदत कधीच गेली.” त्याने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि विचारले, त्या देवळात अजून सकाळची पूजा होते का. होते, असे मी म्हणालो. “तेलाचे पैसे आता कोण देतो?” त्याने विचारले. आम्ही वर्गणी काढतो, असे सांगितले, तेव्हा त्याने खिशातून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली.