वऱ्हाडचे सोने आणि रिकामे पाळणे

वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत वाढलेला माणूस ही म्हण अभिमानाने ऐकवतो. मला मात्र विचारावेसे वाटते, हे सोने कोणाच्या घरी गेले? उत्तर शोधायला मी सातबारा उघडत नाही, पाळण्यात डोकावतो. मुलूख श्रीमंत असला म्हणजे त्यातली मुले जगतातच असे नाही. आपल्या मुलखाचा इतिहास हेच सांगतो, आणि जगातल्या सर्वांत धनाढ्य देशाचा वर्तमानही हेच सांगतो.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. काळ्या गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. रेल्वे आली, जिन-प्रेस उभे राहिले, खामगाव-अकोला-अमरावतीच्या पेठा गजबजल्या. याच समृद्ध वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ होऊन गेले होते. दुष्काळ प्रथम तान्ही पोरे आणि म्हातारी माणसे नेतो. कापसाच्या गाठी तेवढ्या मुंबईच्या बंदराकडे जातच राहिल्या. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या कणगीत काही दाणे तरी उरले. ज्याच्याकडे फक्त दोन हात होते, त्याला महाग ज्वारी विकत घ्यावी लागली.

पण दुष्काळ हा अपवाद झाला. रोजच्या मरणाचे काय? पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या कित्येक गावांत जमिनीखालचे पाणी खारे लागते. अशा गावात गोडे पाणी म्हणजे जीवच. जातिव्यवस्थेने तो जीव सवर्णांच्या विहिरीत कोंडून ठेवला. महार-मांगांच्या मुलांनी डबक्याचे, नाल्याचे पाणी प्यायचे आणि हगवणीने मरायचे, हे विधिलिखित नव्हते. ती माणसांनी केलेली व्यवस्था होती. अनेक गावांत सुईणपण मांग स्त्रीकडे असे. गावाचे मूल जिच्या हातांत जगात येई, त्या हातांना गावच्या विहिरीचा दोर वर्ज्य होता.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. त्याच वर्षी महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला होता. त्यांची स्वतःची चार अपत्ये लहानपणीच गेली होती; राजरत्न गेला तो १९२६ साली. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबईत कायदा झाला. तो गिरणीतल्या बाईसाठी होता. कापूस वेचणारी, निंदण करणारी, रोजाने जाणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानेही शेतमजूर बाईला आत घेतले नाही. आठव्या महिन्यापर्यंत वाकून वेचणी करायची आणि ओली बाळंतीण असतानाच पुन्हा धुऱ्यावर जायचे, ही तिची रीत झाली.

आता अमेरिकेकडे पाहा. ज्यांच्या पूर्वजांनी तो गुलामीचा कापूस वेचला, त्यांच्या वंशजांत २०२२ साली हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ११ अर्भके दगावली. गोऱ्यांत सुमारे साडेचार. साऱ्या देशाचा आकडा ५.६ होता, तर जपान-स्वीडनमध्ये तो दोनच्या आसपास आहे. पैसा, यंत्रे, तज्ज्ञ यांत अमेरिका मागे नाही. मग फरक कुठे पडतो? अॅलिस चेन, एमिली ऑस्टर आणि हेइडी विल्यम्स या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेची तुलना युरोपातील देशांशी केली. तेव्हा दिसले, की पहिल्या महिन्यानंतर, म्हणजे मूल इस्पितळातून घरी गेल्यावर, ही दरी विशेष रुंदावते. आणि ती मुख्यतः गरीब, कमी शिकलेल्या मातांच्या घरी. सुखवस्तू अमेरिकन आईचे मूल युरोपातल्या मुलाइतकेच जगते. फिनलंडने १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना बाळंतपणाच्या साहित्याची पेटी दिली. गरोदरपणी वेळेवर तपासणी करून घेणे ही तिची अट ठेवली. मूल कोणाचे, हा प्रश्न तिथे विचारला गेला नाही.

आपल्याकडे तो न विचारताही सुटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात अनुसूचित जातींचा अर्भकमृत्यू दर हजारी ४५ निघाला; मागास व अनुसूचित वर्गांबाहेरच्यांचा ३२. महाराष्ट्राचा एकूण दर २०२० मध्ये १६ वर आला, त्याचे कौतुक जरूर करावे. पण सरासरी ही मोठी लबाड गोष्ट आहे. याच अमरावती जिल्ह्याच्या डोंगरात मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलांचे मरण १९९३ साली देशभर गाजले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सपाटीवरच्या पेठांचे सोने त्या घाटावर कधी चढलेच नाही.

हे अटळ आहे काय? नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले, तेव्हा त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले होते. २०११ पासून देशभर आशाताईंकडे हे काम आले. गरीब जिल्ह्यात हे होऊ शकते, तर सोन्याच्या कुऱ्हाडीच्या मुलखात का होऊ नये?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. आपल्या गावातले मेलेले मूल मोजा. कोणत्या वस्तीतले, आईने कितव्या महिन्यापर्यंत मजुरी केली, पाणी कुठून आणले, घरी कोण येऊन गेले, हे वहीत लिहा आणि ती वही ग्रामसभेत उघडा. रोजाने जाणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी विश्रांती मागा. आजार डॉक्टर ओळखतील. त्यामागची व्यवस्था ओळखणे हे आपले काम आहे.