घटका भरते तेव्हा

आजी म्हणायची, ‘घटकाभर टेक गं.’ तिची घटका किती लांब, हे मी कधी विचारलं नाही. ती मोजून 24 मिनिटांची. दिवसरात्र मिळून अशा 60.

मुळात हे भांड्याचं नाव. संस्कृत ‘घट’ म्हणजे घडा, ‘घटिका’ म्हणजे छोटा घडा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत सोडायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नमुहूर्तासाठी असंच घटिकापात्र मांडत. आयुष्याची ‘घटका भरली’ म्हणतो, तीही हीच बुडणारी वाटी. मला हा शब्दप्रयोग फार हळवा वाटतो.

घटिकेची घडी झाली, त्याच कुळातलं घड्याळ आज मनगटावर आहे. पाणी तेवढं आटलं.