पसंती-कॅशे व अव्यक्त प्रकारांतर

पसंती-कॅशे म्हणजे संकेतस्थळाच्या वापरकर्त्याने निवडलेल्या पसंतींची (भाषा, सूचना हव्यात की नकोत इत्यादी) ऑब्जेक्टमध्ये ठेवलेली तात्पुरती प्रत. दर वेळी डेटाबेसकडे जावे लागू नये, हा तिचा हेतू. प्रोग्रामिंग भाषा एका प्रकारचे मूल्य आपणहून दुसऱ्या प्रकारात बदलते, तेव्हा त्यास अव्यक्त प्रकारांतर म्हणतात. पूर्वनिर्धारित मूल्य प्रोग्राममधून येते आणि संख्या किंवा बूलियन असू शकते. तीच पसंती डेटाबेसमधून आली की मजकूर असते. त्यामुळे मूल्याचा प्रकार ते कोणत्या वाटेने आले यावर ठरतो आणि चूक कधी दिसते, कधी दिसत नाही.

मीडियाविकी

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती पीएचपी भाषेत लिहिलेली आहे. बदललेल्या पसंती डेटाबेसमध्ये मजकूररूपात साठतात. 'नको' या अर्थाचा '०' हा मजकूर पीएचपी असत्य मानते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट मात्र अट तपासताना तोच सत्य मानते, कारण तिच्या दृष्टीने तो रिकामा नाही. म्हणून पसंती वाचतानाच मीडियाविकी '०' चे पूर्णांकात रूपांतर करते.

पेण व रोहा: एक उदाहरण

रायगड जिल्ह्यातील पेणचा एसटीडी क्रमांक ०२१४३ आणि रोह्याचा ०२१९४ आहे. असा क्रमांक पसंती म्हणून साठवला व क्लासमधील गुणधर्म पूर्णांक घोषित केला, तर पीएचपी '०२१४३' चे निमूटपणे २१४३ करते. पुढे कॅशेतून वाचणाऱ्या प्रत्येकाला शून्याविना क्रमांक मिळतो. पूर्वनिर्धारित मूल्य जावास्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिल्यास प्रकार अधिक विचित्र होतो. कडक पद्धत चालू नसेल तर शून्याने आरंभ होणारी संख्या अष्टमान मानली जाते आणि पेणचे ११२३ होते. रोह्याच्या क्रमांकात ९ असल्याने तो अष्टमान ठरत नाही, २१९४ असा दशमानच वाचला जातो. केवळ रोह्यावर चाचणी घेणाऱ्यास ही दुसरी चूक सापडणारच नाही.

पिनकोडची तऱ्हा वेगळी. पेणचा ४०२१०७ वा रोह्याचा ४०२१०९ हा मजकूर पीएचपीच्या ॲरेत की म्हणून वापरल्यास त्याचा पूर्णांक होतो; शून्याने सुरू होणारा एसटीडी क्रमांक मात्र मजकूरच राहतो.

उपाय

प्रत्येक पसंतीचा प्रकार घोषित करून कॅशेत टाकण्यापूर्वी एकाच ठिकाणी रूपांतर करणे हा रूढ उपाय आहे. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, असे क्रमांक मजकूर म्हणूनच घोषित करावे लागतात. पीएचपी ७ (२०१५) पासून कडक प्रकार-तपासणी उपलब्ध आहे. मात्र ॲरेच्या कींना ती लागू होत नाही.