मूठभर धान्याची शाळा

हल्ली माजी विद्यार्थी शाळेला संगणक, पंखे भेट देतात. बरं वाटतं. पण मला हटकून कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा होई, तो मुष्टिफंड. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. मुलं राबून शिकली. कर्मवीरांच्या हाताखाली वाढलेले बॅ. पी. जी. पाटील विलायतेहून परतले ते रयतेच्याच कामाला लागले...

मूठभर दाणे देणाऱ्या घरालाही शाळा आपली वाटे. म्हणून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगतो, पंखे जरूर द्या. पण वर्षातून एकदा वर्गावर या, पोरांशी बोला. तुमची मूठ तीच!