मे महिन्यातली साडी

इतिहासकार लढाया मोजतात, आम्ही कारकून वार मोजतो. आजीची नऊवारी, आईची पाचवारी, आणि सौ.चा पंजाबी ड्रेस. कापड घटलं म्हणजे उकाडाही घटला, असा हिशेब कोणीही बी.कॉम. करील. चुकला!

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या आणि पुढे आई मुंबईत एका शाखेत चिकटली. 1980 च्या आसपास नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांचं राज्य होतं. सुती कापड वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा सहज पोटात घेतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. (हा व्याजदर असता तर खातेदारांनी काउंटर उचलून नेलं असतं.) तरी ऐन मे महिन्यात आई पॉलिएस्टरच नेसायची.

"बाई, सुती नेसा की!" साहेब पंख्याखालून सांगत. साहेबांचा सुती शर्ट धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायला सौभाग्यवती होत्या. आईला सौभाग्यवती नव्हती. बाबा होते, पण इस्त्रीला बाबा लावायची तेव्हा पद्धत नव्हती. पॉलिएस्टर रात्री दोरीवर टाकलं की सकाळी सुरकुतीविना अंगावर, आणि लोकल हातात!

पुढे बायकांनी पंजाबी ड्रेससाठी अर्ज केला. 'कार्यालयास शोभत नाही' असा शेरा मिळाला. धोतर-कोट-टोपी सोडून बुशशर्टात यायला साहेबांनी कुठे अर्ज केला होता, देव जाणे.

आता सौ.च्या ऑफिसात ड्रेस चालतो, एसीही आहे. भर मे महिन्यात ती ड्रेसवर शाल पांघरून बसते. कोटातल्या साहेबांना उकडतं ना!