खाकीतले शेजारी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहा, असा कमिटीचा आग्रह. मालवणात इतिहास म्हटला की सिंधुदुर्ग किल्ला, कुरटे बेट आणि मोरयाचा धोंडा. त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मी लिहितोय ते पोलीस नसताना पोलिसांचं काम करणाऱ्या साध्या माणसांबद्दल.

होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. त्याचा जन्म आपल्याच मुंबई प्रांतातला, डिसेंबर 1946 चा. शहरात दंगली चालू होत्या, पोलीस अपुरे पडत होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. महायुद्धात 1940 साली इंग्लंडमध्ये नोकरीधंदा सांभाळून पहारा देणाऱ्या नागरिकांचं असंच दल उभं राहिलं होतं, नाव तिथून आलं. 1947 मध्ये कायदाही झाला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की बंदोबस्ताला बोलावलेल्या होमगार्डला त्या वेळेपुरते पोलिसाचेच अधिकार आणि संरक्षण मिळतं. ड्यूटी संपली की तो पुन्हा मास्तर, कारकून नाहीतर दुकानदार.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवरचा कॅशियर होमगार्ड होता. आंगणेवाडीच्या जत्रेत मी ओळखीचा फायदा घेऊन पुढे सरकायला गेलो, तर "साहेब, रांगेतनंच या," म्हणून त्याने मलाच मागे धाडलं. सोमवारी बँकेत मात्र नेहमीसारखा चहा घेऊन आला. भत्ता मिळे तो किती, तर येण्याजाण्यात संपायचा.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. 1993 च्या सुरुवातीला रायगडात शेखाडीला स्फोटकं उतरली आणि 12 मार्चला मुंबई हादरली. 26 नोव्हेंबर 2008 ला पोरबंदरचा 'कुबेर' ट्रॉलर पळवून दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. त्यांना किनाऱ्यावर पहिल्यांदा पाहिलं ते मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. परकी होडी कुठली, हे मच्छीमाराला लांबूनच कळतं, ते गस्तीच्या नौकेला कळेलच असं नाही. म्हणून तर सागर सुरक्षा दलात गावोगावचे मच्छीमार घेतले गेले. पण त्यांच्याकडे शस्त्र नाही, पगार नाही. संशयित बोट दिसली की कळवायचं, एवढंच काम. जाळं सोडून कळवत बसलं तर त्या दिवसाची मासळी गेली, हे आपण लक्षात घेत नाही. शिवाय तरुण पोरं मुंबई-गोव्याला गेली की यादीत नावं राहतात, माणसं राहत नाहीत.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी चोर आल्याच्या अफवा उठल्या होत्या, तेव्हा आपणही रात्रीची गस्त सुरू केली. मीही काठी घेऊन फिरलो. एका रात्री कंपाउंडजवळ एक अनोळखी माणूस सापडला. भाषा कळेना, पोरं चिडलेली, एक-दोन थपडा बसल्यासुद्धा. खरं सांगायचं तर मी मागे उभा राहून नुसता बघत होतो. तेवढ्यात आपल्यातलेच एक जुने होमगार्ड लुंगीवरच धावत खाली आले. "त्येका हात लावू नकात! खंयचो तो, आधी इचारा तरी!" त्यांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसांना फोन केला. तो निघाला बोटीवरचा नेपाळी खलाशी, वाट चुकलेला.

काठी आमच्याही हातात होती. पण पकडलेल्या माणसाला मारायचं नाही, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना कवायतीच्या मैदानावर शिकवलं होतं.

आता गेटवर वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, गस्त कधीच बंद झाली. सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे दोन नंबर लिफ्टजवळच्या फलकावर लावा, असं मी कमिटीला दोनदा सांगितलंय. हा अंक छापून येईपर्यंत लागले असतील, अशी आशा आहे.