मंद आवाजाच्या वाद्याची कथा

गिटार हे गाण्याच्या साथीचे, मौजमजेचे वाद्य होय, अशी समजूत पुष्कळांची असते. खुद्द स्पेनमध्ये, जेथे हे वाद्य वाढले तेथेही, ती दीर्घकाळ रूढ होती. या समजुतीवर मात करून गिटारने संगीतसभेत स्वतंत्र वादनाचा मान कसा मिळविला, हा इतिहास मनोरंजक आहे तसाच उद्बोधकही आहे.

सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबारी विहुएला या वाद्याची प्रतिष्ठा होती. आकाराने गिटारसारखीच असलेल्या विहुएलेला बहुधा तारांच्या सहा जोड्या असत. लुइस मिलान याचा विहुएलेवरील ग्रंथ वालेन्सिया येथे १५३६ साली छापून पूर्ण झाला. गिटार ही तिची धाकटी बहीण. अंगाने लहान आणि चारच जोड्यांची. १५४६ साली सेव्हिल येथे आलोन्सो मुदारा याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चार जोड्यांच्या गिटारसाठीही काही रचना आहेत.

परंतु शतक उलटते न उलटते तोच पारडे फिरले. १६११ साली कोवारुबियास या कोशकाराने आपल्या कोशात अशी खंत व्यक्त केली की, गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे विरळ झाले. गिटार इतकी सोपी की तबेल्यातील पोऱ्याही ती वाजवितो. सोपेपणामुळे गिटार लोकांत शिरली, आणि त्याच सोपेपणामुळे जाणत्यांच्या मनातून उतरली. पुढे तिला पाचवी जोडी लाभली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन सहा एकेरी तारा आल्या. बार्सिलोनाचा फेर्नांदो सोर व व्हिएन्नात नावारूपास आलेला इटालियन माउरो जुलियानी यांनी या नव्या गिटारसाठी उत्तम रचना केल्या. तथापि एक उणीव उरलीच. तिचा आवाज लहान होता. सभागृहे मोठी होत होती, घरोघर पियानो येत होता, आणि या मंद वाद्याकडे लक्ष देण्यास कोणास सवड नव्हती.

ही उणीव दूर करण्याचे श्रेय मुख्यतः एका सुताराकडे जाते. आंतोनियो दे तोरेस याचा जन्म १८१७ साली आल्मेरियाजवळ झाला. त्याने गिटारचा कोठा मोठा केला, वरची तबली पातळ ठेवली आणि तिच्या आतल्या अंगास पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या सात बारीक पट्ट्या बसविल्या. अशा पट्ट्या पूर्वीही कोणी कोणी वापरीत. त्यांचे प्रमाण साधले ते तोरेसने. नादाचे मर्म तबलीतच आहे हे पटविण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार अशी केली की, तिची पाठ व बाजू कागदी पुठ्ठ्याच्या होत्या. इतके असूनही या व्यवसायाने त्याचे पोट भरेना. सेव्हिल सोडून तो आल्मेरियास परतला आणि काही वर्षे त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालविले. उतारवयात त्याने पुन्हा रंधा हाती घेतला. त्याच्या कौशल्याचे गुपित कोणी विचारले असता तो म्हणे की, ते अंगठा आणि तर्जनी यांच्या स्पर्शात आहे आणि आपल्याबरोबरच थडग्यात जाईल. ही आठवण त्याच्या एका धर्मगुरू मित्राने पुढे लिहून ठेवली. १८९२ साली तोरेस वारला.

तोरेसच्याच एका गिटारवर फ्रान्सिस्को तारेगा याने आपली कला घडविली. पियानोसाठी व इतर वाद्यांसाठी लिहिलेले संगीत त्याने गिटारवर उतरविले, शिष्य तयार केले आणि वादनाला शिस्त लावली. १९०९ साली तो निवर्तला. त्यानंतर आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने हे वाद्य जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेले. १९३५ साली पॅरिसमध्ये त्याने बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली 'शाकोन' ही रचना गिटारवर सादर केली, तेव्हा अनेकांचे जुने आक्षेप मावळले.

एक अडचण मात्र उरली होती. तारा तातीच्या असत. त्या लवकर तुटत आणि दमट हवेत सुरातून उतरत. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि तिचा तुटवडा पडला. तेव्हा न्यूयॉर्कचा कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन याने नायलॉनचा प्रयोग केला. सेगोव्हियाने त्या तारा पसंत केल्या, आणि काही वर्षांतच तातीची सद्दी संपली.

तोरेसच्या बोटांतील स्पर्श त्याच्याबरोबर गेला हे खरे. परंतु त्याने घडविलेली वाद्ये मागे राहिली आणि पुढच्या कारागिरांनी ती मोजून, तपासून आपला धडा गिरविला. घोडीपासून खुंट्यांकडील पट्टीपर्यंत त्याने पसंत केलेली साडेसहाशे मिलिमीटरची तारेची लांबी आजही सर्वसामान्य मानली जाते. मिरजेच्या तंबोऱ्याची घडण ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. गवयाला टाळ्या मिळतात. भोपळा पारखणाऱ्या हाताचे नाव सभेत कोणी घेत नाही. गिटारला मान मिळाला तो तिने आपला मृदू स्वभाव टाकला म्हणून नव्हे. तो स्वभाव दूरवर ऐकू जावा यासाठी सुतार, शिक्षक, वादक आणि तारा करणारा अशा चौघांनी आपापल्या जागी कष्ट केले म्हणून.